आठ खुर्च्या आणि एक नोकरी

कारंजा लाडहून नोकरीच्या मुलाखतीला निघालेल्या तरुणाचा प्रवास बहुधा आदल्या संध्याकाळीच सुरू होतो. अमरावती, अकोला, यवतमाळ ही गावे एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहेत आणि समृद्धी महामार्गामुळे नागपूरही जवळ आले आहे. परंतु खासगी कंपन्यांची बोलावणी पुष्कळदा पुण्याहून येतात, आणि पुणे म्हणजे रात्रभराची बस. पहाटे उतरायचे, ओळखीच्या कोणाच्या खोलीवर आंघोळ उरकायची, पिशवीत जपून आणलेला इस्त्रीचा शर्ट चढवायचा आणि दहाच्या आत दारात हजर व्हायचे. तेथे गेल्यावर कळते की मुलाखत एकट्याची नाही. आठ-दहा उमेदवारांना गोल करून बसवतात, एक विषय देतात आणि पंधरा मिनिटे ‘आपसांत चर्चा करा’ असे सांगतात. दोन परीक्षक कोपऱ्यात बसून काही लिहीत राहतात. दुपारी यादी लागते. यादीत नाव नसते, आणि ते का नाही हे सांगायला कोणी नसते.

या प्रकाराला कोणी समूह मुलाखत म्हणते, कोणी गटचर्चा. तिचे आणखी एक रूप आहे. त्यात चार-सहा उमेदवारांना एका रांगेत बसवून तोच प्रश्न प्रत्येकाला विचारत पुढे जातात. पद्धत कोणतीही असो, परतलेल्या मुलामुलींची तक्रार सारखीच असते : ‘मला येत होते, पण बोलताच आले नाही.’ घरची मंडळी हे ऐकून घेतात आणि मनात कुठेतरी शंका धरतात. येत होते, तर बोलला का नाहीस?

या लेखाचा विषय ती शंका आहे. कारण ‘येत होते, पण बोलता आले नाही’ ही सबब नव्हे. शरीरात आणि मनात प्रत्यक्ष घडणारी ती गोष्ट आहे आणि तिचा बराच अभ्यास झालेला आहे.

मुलाखत हेच ताणाचे मोजमाप

माणसाला प्रयोगशाळेत ताण कसा द्यावा, हा संशोधकांपुढचा जुना प्रश्न होता. १९९३ साली जर्मनीतील ट्रिअर विद्यापीठातील संशोधकांनी त्याचे एक उत्तर शोधले, आणि आज जगभर ते प्रमाण मानले जाते. या चाचणीत सहभागी व्यक्तीला सांगतात की, आपण नोकरीचे उमेदवार आहोत असे समजा, थोडा वेळ तयारी करा आणि मग परीक्षकांपुढे पाच मिनिटे बोला. परीक्षकांना चेहरा कोरा ठेवण्याची सूचना असते. त्यांनी हसायचे नाही, मान डोलवायची नाही. त्यानंतर १०२२ मधून १३ वजा करत करत मोठ्याने मोजायला लावतात आणि चूक झाली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. एवढ्यानेच बहुतेकांच्या शरीरातील कॉर्टिसॉल या ताणाशी निगडित संप्रेरकाचे प्रमाण दुपटी-चौपटीने वाढते, नाडी जलद होते, तोंड कोरडे पडते. पुढे २०११ मध्ये याच चाचणीची सामूहिक आवृत्ती निघाली. तीत अनेक जण एकमेकांसमोर ही परीक्षा देतात, आणि तीही तितकीच परिणामकारक ठरली. ताण निर्माण करण्यासाठी शास्त्रज्ञांनी जगातील असंख्य प्रसंगांतून नोकरीच्या मुलाखतीचा प्रसंग निवडला, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

असे का व्हावे? सॅली डिकरसन आणि मार्गारेट केमेनी या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली अशा २०८ प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला. त्यांना आढळले की दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे कॉर्टिसॉल सर्वाधिक वाढते : इतर लोक आपले मूल्यमापन करीत असणे, आणि परिणाम आपल्या हाती नसणे. समूह मुलाखतीत या दोन्ही गोष्टी काठोकाठ भरलेल्या असतात. समोर परीक्षक आहेत, शेजारी प्रतिस्पर्धी आहेत, आपण बोलायला लागलो की मध्येच कोण तोडेल याचा नेम नाही, आणि निवडीचा निकष काय हेही सांगितलेले नाही.

कॉर्टिसॉलचा आणखी एक गुण ध्यानात घेतला पाहिजे. ते फार वाढले असताना आधीपासून ठाऊक असलेली गोष्ट आठवणे कठीण होते. माहिती मेंदूतून पुसली जात नाही. तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट त्या वेळेपुरती अडते. म्हणूनच खोलीतून बाहेर पडल्यावर, जिना उतरताना किंवा परतीच्या बसमध्ये सगळे मुद्दे एकामागून एक आठवू लागतात. ज्याच्या बाबतीत असे घडते, त्याने ‘आपण मंद आहोत’ असा निष्कर्ष काढण्याचे कारण नाही. मुद्दे नंतर आठवतात, याचाच अर्थ ते आत होते.

शेजारी काय बोलला, ते ऐकूच आले नाही

रांगेत बसवून एकेकाला विचारण्याच्या पद्धतीत आणखी एक अडचण येते. १९७३ साली माल्कम ब्रेनर या संशोधकाने काही जणांना एकत्र बसवून पाळीपाळीने एकेक शब्द वाचायला लावला आणि नंतर सर्वांना आठवतील तेवढे शब्द लिहायला सांगितले. प्रत्येकाला स्वतः वाचलेला शब्द उत्तम आठवला. मात्र आपल्या पाळीच्या लगेच आधी इतरांनी वाचलेले शब्द सर्वांत कमी आठवले. आपली वेळ जवळ आली की मन आतल्या तयारीत गुंतते आणि बाहेरचे ऐकणे जवळजवळ थांबते.

आता समूह मुलाखतीतला परीक्षक काय म्हणतो? ‘यांनी आत्ता जे सांगितले, त्याबद्दल तुमचे मत काय?’ नेमके तेच ऐकायचे राहून गेलेले असते. परीक्षकाला वाटते, उमेदवाराचे लक्ष नाही. वास्तविक त्याचे लक्ष गरजेपेक्षा जास्तच एकवटलेले असते, फक्त स्वतःच्या पुढच्या वाक्यावर.

गटचर्चेतही हेच वेगळ्या रीतीने घडते. मायकेल डील आणि वोल्फगांग स्ट्रोब या संशोधकांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की समूहात बसून कल्पना सुचवणाऱ्यांपेक्षा तेवढीच माणसे वेगवेगळी बसून अधिक कल्पना मांडतात. त्याचे मुख्य कारण वाट पाहणे हे होते. एका वेळी एकच जण बोलू शकतो. तोवर बाकीच्यांनी आपला मुद्दा मनात धरून ठेवायचा, आणि धरून ठेवताना तो निसटतो किंवा शिळा वाटू लागतो.

ही पद्धत आली कोठून

गटचर्चेचा उगम उद्योगजगतातला नाही, लष्करातला आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याला अधिकाऱ्यांची चणचण भासू लागली. मुलाखतीत घराणे, शाळा आणि बोलण्याची ढब पाहून निवड होत होती आणि निवडलेले पुष्कळ जण प्रशिक्षणात टिकत नव्हते. म्हणून १९४२ मध्ये निवड मंडळांची नवी रचना करण्यात आली. त्यात विल्फ्रेड बायन या मनोविकारतज्ज्ञाने नेता नसलेल्या गटाची कल्पना आणली. हे बायन जन्मले होते आपल्या मथुरेत, १८९७ साली. त्यांची दृष्टी अशी की, उमेदवारांना एक काम द्यावे, पुढारी नेमू नये आणि पाहावे : स्वतः चमकण्याची ओढ आणि गटाचे काम तडीस नेण्याची गरज, या दोहोंच्या ओढाताणीत माणूस काय करतो? दुसऱ्याला सांभाळून घेतो की ढकलून पुढे जातो? कोण अधिक बोलतो, हे मोजण्याचा त्यामागे हेतू नव्हता.

आपल्या सैन्यदलांची सेवा निवड मंडळे, म्हणजे मुलांच्या बोलीतले ‘एसएसबी’, याच परंपरेतली. वऱ्हाडातील कितीतरी मुले ती परीक्षा देतात. संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था मुलांना त्यासाठीच तयार करते. तेथे पहिल्याच दिवशी चित्र दाखवून गोष्ट लिहायला लावतात आणि त्यावर गटचर्चा होते. या चर्चेचा कित्येकदा मासळीबाजार होतो आणि अनेक जण त्याच दिवशी परत पाठवले जातात, हे खरे. पण जे राहतात त्यांना चार-पाच दिवस पाहिले जाते. मानसशास्त्रज्ञ त्यांचे लेखन तपासतो, मुलाखत अधिकारी एकट्याशी बराच वेळ बोलतो, गट परीक्षक मैदानावर फळ्या, दोर आणि पिंपे देऊन अडथळे पार करायला लावतो. शेवटी तिघांची मते एकत्र ठेवली जातात. गटचर्चा हा त्या मोठ्या चित्राचा एक तुकडा असतो.

खासगी क्षेत्राने पुष्कळ ठिकाणी नेमका हा तुकडा तेवढा उचलला. कारण सरळ आहे. दोनशे उमेदवार आले असताना प्रत्येकाला वीस मिनिटे द्यायची तर सदुसष्ट तास लागतील. दहा-दहांचे वीस गट केले की पाच-सहा तासांत काम उरकते. म्हणजे बहुतेक वेळी ही चाळणी असते, पारख नव्हे. चाळणीतून खाली पडलेले सारेच धान्य किडके असते असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही.

जो अधिक बोलतो, तो पुढारी?

गटात जो जास्त वेळ बोलतो तोच इतरांना नेता वाटतो, ही गोष्ट अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बर्नार्ड बास यांनी १९५४ सालीच नोंदवली होती. २०२० मध्ये नील मॅक्लॅरेन आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या गटांवर तिची पुन्हा तपासणी केली. बुद्धिमत्ता, स्वभाव, विषयाचे ज्ञान या सगळ्यांचा हिशेब वेगळा काढूनही बोलण्याचा कालावधी हाच नेतेपदाची मते मिळवून देत होता. शिवाय केवळ पुरुष असल्याचाही काही लाभ मिळत होता. बोलणे सरस की निरस, याला फारसे महत्त्व उरले नव्हते.

आता आपल्या भागातील मुलांचा विचार करू. मोठी माणसे बोलत असताना तोंड घालू नये, दुसऱ्याचे बोलणे मध्ये तोडू नये, विचारल्याशिवाय मत देऊ नये, हे वळण आपण घरोघर लावतो आणि ते चांगले वळण आहे. मुलींना तर ते दुप्पट लावले जाते. मग बावीसाव्या वर्षी एका वातानुकूलित खोलीत एकदम अपेक्षा केली जाते की दहा जणांच्या गलबल्यात शिरून, समोरच्याला थांबवून, आपला मुद्दा रेटावा. बावीस वर्षांची सवय पंधरा मिनिटांत मोडत नाही. ती मोडली नाही, हा दुर्गुण नव्हे.

भाषेचे ओझे याहून निराळे. घरी वऱ्हाडी, शाळेत प्रमाण मराठी, महाविद्यालयात मराठीमिश्रित इंग्रजी आणि मुलाखतीत निव्वळ इंग्रजी, अशा चार पायऱ्या आपली मुले चढलेली असतात. परक्या भाषेत वाक्य जुळवायला एक-दोन क्षण अधिक लागतात. एकट्याच्या मुलाखतीत परीक्षक ते दोन क्षण थांबतो. गटचर्चेत थांबायला कोणीच नसते. तेवढ्यात दुसरा बोलू लागतो. इंग्रजी माध्यमातून शिकलेला शहरी मुलगा अधिक हुशार असतो असे नाही, त्याचे वाक्य लवकर तयार होते एवढेच. याचा उपाय सरावात आहे. न्यूनगंडात मुळीच नाही.

नकाराचा हिशेब

एक साधे गणित मांडून पाहू. दहा जणांच्या गटातून दोघे घ्यायचे आहेत आणि दहाही जण सारख्याच तोलाचे आहेत असे समजा. तरीही प्रत्येकाला नकार मिळण्याची शक्यता शंभरात ऐंशी. अशा पाच मुलाखती दिल्या तर पाचही ठिकाणी नकार येण्याची शक्यता शंभरात सुमारे तेहेतीस. म्हणजे कोणाचीही काही चूक नसताना दर तिघांतला एक जण सलग पाच वेळा रिकाम्या हाती परतणार. दहा मुलाखतींनंतरही साधारण नवातला एक जण तसाच उभा असेल.

हे गणित घरात कोणी मांडत नाही. घरात दिसते ते एवढेच की पाच वेळा गाडीभाडे गेले, सोयाबीनच्या पैशातून शर्ट-बूट आले आणि मुलगा पुन्हा परत आला. मुलाच्या मनातला हिशेब आणखी कठोर असतो. एकट्याच्या मुलाखतीतील अपयश खासगी असते. समूहात मात्र आपली फजिती नऊ जणांनी पाहिलेली असते, आणि ज्याची निवड झाली तोही शेजारच्याच खुर्चीवर बसलेला असतो. कारण न सांगता दिलेला नकार मन स्वतःच्याच कारणांनी भरून काढते : माझा उच्चार वाईट, माझे गाव लहान, माझा रंग, माझे कपडे. हळूहळू पोट बिघडते, झोप मोडते, पुढच्या बोलावण्याचे पत्र आले की छातीत धडधडते, आणि एके दिवशी ‘मी जाणार नाही’ असे उत्तर येते. त्याला आळस म्हणण्याची घाई घरच्यांनी करू नये. ज्या जागी पुन्हा पुन्हा चटका बसला ती जागा टाळणे, हा मनाचा बचाव असतो. मात्र टाळण्याने भीती कमी होत नाही, मुरते. म्हणून तिच्यावर वेळीच काम केले पाहिजे.

जाण्यापूर्वी

शक्य असेल तर एक दिवस आधी पोहोचावे. बसमध्ये जागून काढलेल्या रात्रीनंतर शब्द आठवणे आणि रागावर ताबा ठेवणे, दोन्ही अवघड जाते. मुक्कामाची सोय नसेल तर आदल्या दोन रात्री तरी पुरेशी झोप घ्यावी.

रिकाम्या पोटी चहावर चहा घेऊ नये. चहा-कॉफीतील कॅफीनने धडधड आणि हातांची थरथर वाढते, आणि मन तिलाच भीती समजते. पोहे, उपमा, किंवा घरून नेलेली भाकरी-भाजी असे सवयीचे, हलके खाऊन जावे. पाण्याची बाटली जवळ ठेवावी. धडधड थांबवणारी गोळी मित्राच्या सांगण्यावरून कदापि घेऊ नये. त्या गटातील औषधे दम्याच्या रुग्णाला धोक्याची ठरू शकतात, आणि ती डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय घ्यायचीच नसतात.

सराव मात्र करावा, आणि तो गटातच करावा. आरशापुढे भाषण पाठ केल्याने गटचर्चा जमत नाही. चार-पाच मित्रमैत्रिणींनी आठवड्यातून दोनदा बसावे. विषय घरचे घ्यावेत : कापसाचा भाव, समृद्धी महामार्गाने गावाला काय दिले, शकुंतला रेल्वे पुन्हा धावावी का. पहिली फेरी वऱ्हाडीत किंवा मराठीत, दुसरी त्याच विषयावर इंग्रजीत. मुद्दे तयार असले म्हणजे परकी भाषा निम्मी सोपी होते. चर्चेत शिरण्याची आणि आपले बोलणे सांभाळण्याची चार-पाच इंग्रजी वाक्ये जिभेवर बसवून ठेवावीत. ‘यात मी एक जोडू इच्छितो’, ‘माझे वाक्य पूर्ण करतो’, ‘यांचे बोलणे राहिले आहे, ते ऐकू या’ अशा अर्थाची. शेवटचे वाक्य विशेष उपयोगी. दबलेल्या सहकाऱ्याला बोलते करणारा उमेदवार चांगल्या परीक्षकाच्या नजरेत भरतो, आणि आपल्या घरच्या वळणालाही ते धरून आहे.

खोलीत

पाळी येण्यापूर्वी श्वास सावकाश घ्यावा आणि घेतला त्याहून अधिक वेळ लावून सोडावा. चार मोजत आत, सहा मोजत बाहेर, असे पाच-सहा वेळा. लांब उच्छ्वासाने हृदयाची गती उतरते. यात चमत्कार काही नाही, शरीराची रचनाच तशी आहे.

‘घाबरू नकोस’ असे स्वतःला बजावण्याचा उपयोग थोडा. हार्वर्डच्या ॲलिसन वुड ब्रूक्स यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा ‘मला उत्साह वाटतो आहे’ असे म्हणणाऱ्यांचे भाषण अधिक चांगले झाले. भीती आणि उत्साह या दोहोंत हृदय सारखेच धडधडते. त्या धडधडीला नाव कोणते द्यायचे, एवढे आपल्या हाती असते.

हातात कागद-पेन असू द्यावे आणि इतरांच्या बोलण्यातील एकेक शब्द टिपत जावे. पाळी जवळ आल्यावर कान बंद होतात, तेव्हा कागद कामी येतो. पहिल्या दोन-तीन मिनिटांत एक छोटे वाक्य बोलून टाकावे. ते फार मौलिक असण्याची गरज नाही. मौन जितके लांबते तितके ते मोडणे जड जाते.

परतल्यावर

जेम्स पेनेबेकर आणि सहकाऱ्यांचा १९९४ सालचा एक अभ्यास येथे सांगण्याजोगा आहे. नोकरी गेलेल्या काही व्यावसायिकांपैकी एका गटाला त्यांनी सलग पाच दिवस, रोज वीस मिनिटे, या आघाताविषयी मनातले सारे लिहायला सांगितले. काही महिन्यांनी पाहिले तेव्हा इतरांच्या तुलनेत या गटातील अधिक जणांना नवी नोकरी लागलेली होती. त्यांनी अर्ज जास्त केले होते असेही नाही. मनातील कडवटपणा कागदावर उतरला म्हणजे तो पुढच्या मुलाखतीत चेहऱ्यावर उतरत नाही, असा त्याचा अर्थ लावता येईल.

म्हणून परतल्यावर एक वही करावी. डाव्या पानावर जे वाटले ते मोकळेपणी लिहावे; उजव्या पानावर फक्त घडले ते : विषय काय होता, किती वेळा बोललो, कोठे अडलो, पुढच्या वेळी काय वेगळे करणार. चार-पाच मुलाखतींनंतर उजवी पाने सलग वाचली की सुधारणा दिसते. यादीत नाव नसले तरी ती दिसते.

घरच्यांसाठी

श्रीनृसिंह सरस्वतींचे हे जन्मस्थान. मुंज होईपर्यंत ओंकाराखेरीज काही न बोललेल्या आणि मुंजीनंतर वेद म्हणू लागलेल्या बालकाची कथा कारंज्यात लहानपणापासून कानांवर पडते. ती श्रद्धेची कथा आहे, तिच्यातून वैद्यकीय निष्कर्ष काढू नये. तरी त्या कथेतल्या आईवडिलांची काळजी आणि लोकांची कुजबुज आपल्याला ओळखीची वाटते. न बोलणाऱ्या मुलाकडे पाहून ‘याचे कसे होणार’ म्हणणारे तेव्हाही होते, आताही आहेत.

मुलगा किंवा मुलगी परत आली की दारातच ‘काय झाले, लागली का?’ असे विचारू नये. आधी हातपाय धुऊ द्यावेत, जेवू द्यावे, झोपू द्यावे. दुसऱ्या दिवशी विचारावे, ‘विषय काय होता? तू काय म्हणालीस?’ पहिला प्रश्न निकाल मागतो, दुसरा अनुभव ऐकतो. शेजाऱ्याच्या मुलाच्या पगाराचा उल्लेख टाळावा. खर्चाचा विषय काढायचाच असेल तर तो नकाराच्या संध्याकाळी काढू नये. आधी शांतपणे ठरवावे की या वर्षात बाहेरगावच्या किती मुलाखती परवडतात. मर्यादा आधी ठरलेली असली की प्रत्येक फेरी ही शेवटची संधी वाटत नाही. नोकरीसाठी कोणी ‘नोंदणी’ किंवा ‘अनामत’ म्हणून पैसे मागितले तर तेथून परतावे. निराश माणूस अशा जाळ्यात लवकर अडकतो, म्हणून हे घरच्यांनी पाहावे.

दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप किंवा भूक उडाली असेल, मुलाने मित्रांना भेटणे सोडले असेल, सतत स्वतःला दोष देणे चालले असेल, तर ते ‘वयाचे खूळ’ म्हणून सोडून देऊ नये. गावातील डॉक्टरांशी बोलावे. जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराची सोय असते. केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते आणि मराठीतही बोलता येते. जगण्याला कंटाळल्याची भाषा कानी आली तर त्याच क्षणी त्या व्यक्तीला एकटे न सोडता मदत घ्यावी.

पद्धत बदलू शकते

उमेदवाराने स्वतःला घडवावे हे खरे. परंतु सगळा भार त्याच्याच खांद्यावर टाकणे न्यायाचे नाही. व्यवस्थापन शिक्षणाच्या अनेक नामांकित संस्थांनी, त्यांत कित्येक आयआयएमही आल्या, गटचर्चा बाजूला ठेवून लेखनाची चाचणी स्वीकारली. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून कनिष्ठ पदांसाठीच्या मुलाखतीच बंद केल्या. पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये निवडपद्धतींवरील जुन्या संशोधनाचा फेरआढावा घेतला. त्यात, सर्वांना तेच प्रश्न ठरावीक क्रमाने विचारणारी आणि ठरलेल्या निकषांवर गुण देणारी आखीव मुलाखत प्रत्यक्ष कामातील यशाचा अंदाज सर्वांत चांगला देते, असे दिसून आले. जी मोठी कंपनी हे करू शकते, तिला विचारण्याचा अधिकार उमेदवारांना आणि महाविद्यालयांना आहे.

आपल्या गावातील महाविद्यालयांनाही बरेच करता येईल. रोजगार मेळावा भरवताना येणाऱ्या कंपनीला तीन गोष्टी आधी विचाराव्यात : चर्चेची भाषा कोणती, गटात किती जण, निकष काय. गटचर्चा घ्यायचीच असेल तर विषय देऊन पाच मिनिटे लिहायला वेळ द्यावा आणि पहिल्या फेरीत प्रत्येकाला एक मिनिट अखंड बोलू द्यावे. निकाल लागल्यावर न निवडलेल्यांना दोन ओळींचा अभिप्राय द्यावा. यांतल्या कोणत्याही गोष्टीला पैसा लागत नाही. परतीच्या बसमध्ये त्या दोन ओळी हाती असल्या, तर रात्रभर स्वतःच्या मनाने कारणे शोधत बसण्याची वेळ त्या मुलावर येणार नाही.